भावाला स्किझोफ्रेनिया असेल तर निरोगी बहिणीच्या मेंदूतही फरक असतो का?

शेवंती यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या थोरल्या भावाला एकविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. त्याला आता बरीच वर्षे झाली असून तो नियमित औषधे घेतो, सकाळी वडिलांबरोबर दुकानात बसतो आणि हिशेबाच्या वह्या आमच्यापेक्षा नीट ठेवतो. माझ्या आत्यालाही हाच आजार असावा, असे दादाच्या डॉक्टरांशी बोलल्यानंतर वाटते; तिच्या काळी मात्र 'बाहेरचे काहीतरी लागले आहे' असे ठरवून तिला गावोगावच्या देवऋषींकडे फिरवले गेले आणि निदान असे कधी झालेच नाही.

सध्या माझे लग्न ठरत आहे. दादाच्या आजाराविषयी आम्ही पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगितले आणि मुलाकडच्यांनीही ते समजून घेतले. परंतु त्यांच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी, अशा घराण्यातल्या निरोगी माणसांच्याही मेंदूची रचना वेगळी असते असे संशोधनात आढळले आहे, तेव्हा मुलीचा एमआरआय करून घ्यावा, म्हणजे पुढे शंका राहणार नाही, असे सुचवले. मला राग आला. पण रागावून काही कळणार नव्हते, म्हणून स्वतः वाचायला बसले, तर असे संशोधन खरोखरच झालेले दिसले आणि गोंधळ वाढला.

आजार नसलेल्या सख्ख्या भावंडांच्या मेंदूत नेमके काय वेगळे आढळले आहे? ते एका व्यक्तीच्या तपासणीत दिसते का, आणि दिसलेच तर त्यावरून पुढचे काही सांगता येते का? शिवाय औषधांमुळे मेंदू आकसतो असे आईने कुठेतरी ऐकले आहे आणि तेव्हापासून दादाला गोळी देताना ती कचरते. त्यात कितपत तथ्य आहे? माझे शिक्षण विज्ञान शाखेत झाले आहे, त्यामुळे तांत्रिक तपशील आले तरी चालतील.

क्षकिरण यांचा प्रतिसाद

मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि मेंदूचे एमआरआय रोज पाहतो, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तुम्ही उद्या आमच्याकडे तपासणीसाठी आलात, तर अहवालात बहुधा 'लक्षणीय दोष आढळला नाही' एवढेच लिहिलेले असेल. आणि तुमच्या दादांची तपासणी केली तरी बहुधा तेच लिहिलेले असेल. स्किझोफ्रेनियाचे निदान एमआरआयवरून होत नाही. ज्या रुग्णाला पहिल्यांदाच भास होऊ लागले आहेत, त्याचा एमआरआय मनोविकारतज्ज्ञ सांगतात तो मेंदूतली गाठ, मेंदूचा दाह, कानशिलामागच्या भागातून उद्भवणारा अपस्मार किंवा आपल्याकडे आढळणाऱ्या फीतकृमीच्या अळ्यांच्या गाठी अशी दुसरी काही कारणे नाहीत ना, एवढे पाहण्यासाठी.

संशोधनातला एमआरआय वेगळ्या रीतीने वापरला जातो. संपूर्ण डोक्याचे साधारण एक मिलिमीटर जाडीचे काप घेतले जातात, संगणक प्रत्येक कापावर त्या त्या भागाची सीमा आखतो आणि शेवटी त्या भागाचे घनफळ हाती येते. स्मरणशक्तीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग मेंदूच्या दोन्ही बाजूंना असतो आणि एका बाजूचा हिप्पोकॅम्पस जेमतेम तीन ते चार घन सेंटीमीटरचा भरतो. त्यात काही टक्क्यांची घट शोधायची तर शेकडो माणसांची सरासरी काढावी लागते, कारण एकाच माणसाची तपासणी दोन वेगळ्या यंत्रांवर केली तरी आकडे थोडे वेगळे येतात. तपासणी चालू असताना डोके किंचित हलले तरी मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी खऱ्यापेक्षा कमी मोजली जाते. शरीरातले पाणी कमी झाले असेल, तर त्याचाही परिणाम घनफळावर होतो. हिमोग्लोबिनच्या अहवालात शेजारी छापलेली मर्यादा पाहून कमी की जास्त हे जसे सांगता येते, तशी स्किझोफ्रेनियाचा धोका सांगणारी कोणतीही मर्यादा हिप्पोकॅम्पससाठी ठरलेली नाही.

या बाबतीत आणखी एक सावधगिरीची सूचना करतो. पूर्ण निरोगी माणसांच्या एमआरआयमध्येही लहानशी द्रवाची पिशवी, दोनचार पांढरे ठिपके किंवा दोन पोकळ्यांमधल्या पडद्यात जन्मापासून राहिलेली फट अशा गोष्टी वारंवार दिसतात. वैद्यकीयदृष्ट्या बहुतेक वेळा त्यांना काहीही महत्त्व नसते, परंतु अहवालात त्यांची नोंद करणे आम्हाला भाग असते. ती नोंद लग्नाच्या बोलणीत वाचली गेली, तर तिचा काय अर्थ लावला जाईल, याचा विचार करा. ज्या तपासणीने उत्तर मिळण्याची शक्यता नाही आणि नवा प्रश्न उभा राहण्याची मात्र आहे, ती मी माझ्या मुलीची करून घेतली नसती.

निरंजन यांचा प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. मी मनोविकारशास्त्र शिकवतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर, म्हणजे कुटुंबांच्या अभ्यासात नेमके काय आढळले यावर, थोडे सविस्तर लिहितो. हा विषय जितका रंजक आहे तितकाच तो अर्धवट सांगितला जातो, आणि ज्या गृहस्थांनी तुम्हाला सूचना केली त्यांनीही तो अर्धाच वाचलेला दिसतो.

स्किझोफ्रेनियात मेंदूच्या रचनेत काही बदल असतो का, हा प्रश्न जुनाच आहे. १९२७ मध्ये जर्मनीत कण्यातून हवा सोडून मेंदूची क्ष-किरण छायाचित्रे घेण्याचा प्रयत्न झाला होता. ही पद्धत इतकी वेदनादायक होती की निरोगी माणसांशी तुलना करणे अवघडच होते. खरी सुरुवात १९७६ मध्ये झाली. लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क येथे ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ रुग्णालयात असलेल्या १७ रुग्णांचे सीटी स्कॅन घेतले, तेव्हा मेंदूच्या मध्यभागी असलेल्या, द्रवाने भरलेल्या पोकळ्या निरोगी व्यक्तींच्या तुलनेत मोठ्या आढळल्या. पोकळी मोठी असणे म्हणजे भोवतालचा मेंदू तेवढा कमी असणे. परंतु या रुग्णांनी वर्षानुवर्षे रुग्णालयात काढलेली होती, त्यामुळे हा फरक आजाराचा, औषधांचा, की तशा आयुष्याचा, हे त्यावरून ठरत नव्हते.

इथेच कुटुंबे उपयोगी पडली. १९९० मध्ये अमेरिकेत सडथ, टॉरी, वाइनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकबीज जुळ्यांच्या अशा १५ जोड्या निवडल्या, की ज्यांतल्या एकाला स्किझोफ्रेनिया होता आणि दुसऱ्याला नव्हता. दोघांची गुणसूत्रे जवळजवळ सारखी, घर तेच, बालपण तेच. एमआरआयमध्ये १५ पैकी १४ जोड्यांत आजारी जुळ्याचा डावा हिप्पोकॅम्पस त्याच्या निरोगी भावंडापेक्षा लहान निघाला आणि डावी पोकळीही १४ जोड्यांत मोठी निघाली. दोघेही निरोगी असलेल्या जुळ्यांमध्ये असा एकाच दिशेचा फरक दिसला नाही. याचा अर्थ असा की त्या फरकाचा काही भाग तरी गुणसूत्रांबाहेरच्या कारणांतून येतो, मग ती कारणे गर्भावस्थेतली असोत, जन्माच्या वेळची असोत किंवा आजारानंतरची असोत.

या अभ्यासातली एक बारीक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. अनेक जोड्यांत आजारी जुळ्याचा हिप्पोकॅम्पस एरवी सामान्य म्हणूनच गणला गेला असता. त्याच्या स्वतःच्या जुळ्याशेजारी ठेवला तेव्हाच तो लहान असल्याचे कळले. शेवंतीताई, तुमच्या तुलनेसाठी तुमचे जुळे भावंड नाही, म्हणून तुमचा एकटीचा एमआरआय त्या प्रश्नाचे उत्तर देऊच शकत नाही.

मग निरोगी नातेवाइकांचे काय? २००२ मध्ये टायरोन कॅनन आणि सहकाऱ्यांनी फिनलंडमधील जुळ्यांचे नकाशे प्रसिद्ध केले. मेंदूच्या अगदी पुढच्या भागात करडा थर किती कमी आहे, हे रुग्णाशी असलेल्या नात्याच्या जवळिकीप्रमाणे बदलत होते, म्हणजे रुग्णाच्या निरोगी एकबीज जुळ्यात ते अधिक आणि द्विबीज जुळ्यात कमी होते. याउलट पुढच्या भागाची वरची बाजू, कानशिलाच्या भागातली वरची वळी आणि वरचा पार्श्वभाग यांतली घट प्रामुख्याने आजारी जुळ्यातच होती. थोडक्यात, काही फरक कुटुंबाचा होता आणि काही फरक आजाराचा.

२००७ मध्ये सख्ख्या नातेवाइकांवरील २५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात १,०६५ निरोगी नातेवाईक होते. सर्वांत मोठा फरक हिप्पोकॅम्पसमध्ये आढळला, आणि तो होता मानक विचलनाच्या ०.३१ पट. ही संख्या कोरडी वाटते, म्हणून ती उलगडून सांगतो. एक नातेवाईक आणि एक असंबंधित निरोगी व्यक्ती अशी जोडी चिठ्ठ्या टाकून निवडली, तर १०० पैकी सुमारे ५९ जोड्यांत नातेवाइकाचा हिप्पोकॅम्पस लहान निघेल आणि ४१ जोड्यांत तो मोठा निघेल. मुळात काहीच फरक नसता, तर हे प्रमाण ५० आणि ५० असते. प्रत्यक्ष रुग्णांतही फार वेगळे चित्र नाही: २०१६ मध्ये एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी व्यक्तींची तुलना केली तेव्हा हिप्पोकॅम्पसचा फरक ०.४६ इतका निघाला, म्हणजे १०० पैकी सुमारे ६३ जोड्या. रुग्ण कोण आणि निरोगी कोण, हे यावरून ओळखायला बसलात, तर जवळजवळ चाळीस टक्के वेळा चुकाल.

पुढे नातेवाइकांचाच मोठा अभ्यास झाला, तेव्हा फरक आणखी लहान झाला. एनिग्माच्या २०१९ च्या अभ्यासात रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि निरोगी व्यक्ती मिळून ६,००८ जण होते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांत थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या मध्यभागी असलेला, संवेदनांचे संदेश पुढे पाठवणारा भाग, थोडा लहान आढळला, पण फरक अवघा ०.१२ होता. कवटीतल्या एकूण जागेचा हिशेब वजा केल्यावर एकूण मेंदू किंचित लहान, बाहेरचा थर किंचित पातळ आणि मधली तिसरी पोकळी किंचित मोठी, असे दिसले. गंमत म्हणजे द्विध्रुवी विकाराच्या, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणाऱ्या आजाराच्या, रुग्णांच्या नातेवाइकांत कवटीतली जागा उलट थोडी जास्त निघाली, त्यामुळे 'मनोविकाराचे घराणे म्हणजे लहान मेंदू' असे सरसकट विधानही टिकत नाही.

मला स्वतःला सर्वांत बोलका वाटतो तो अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ज्युडिथ रॅपोपोर्ट यांच्या गटाने केलेला अभ्यास. वयाच्या तेराव्या वर्षाआधीच स्किझोफ्रेनिया सुरू झालेली मुले त्यांनी घेतली आणि त्यांच्या निरोगी भावंडांचेही एमआरआय वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा काढले. लहानपणी या भावंडांच्या मेंदूचा बाहेरचा थर काही भागांत खरोखरच पातळ होता. परंतु वय वाढत गेले तशी ती तूट भरून आली आणि विशीपर्यंत ती जवळजवळ उरली नाही, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. आजारी मुलांत मात्र ती घट तशी भरून आली नाही. मेंदूची रचना जन्माला येताना कायमची ठरून येते, हा समज त्या गृहस्थांच्या सूचनेमागे आहे, आणि तोच इथे खोटा ठरतो.

सुमतीकाकू यांचा प्रतिसाद

माझ्या मुलाला हा आजार आहे, म्हणून या धाग्यावर लिहिण्याचे धाडस करते. वरची माहिती वाचताना माझ्या मनात एक वेगळीच गोष्ट आली. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमन या मनोविश्लेषक बाईंनी मांडलेली कल्पना पुढे कितीतरी वर्षे प्रचलित होती, की आईच्या थंड आणि वर्चस्व गाजवणाऱ्या वागण्यामुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो. अमेरिकेतल्या गॅल्विन कुटुंबाची हकीकत आता जगजाहीर आहे. बारा मुले, त्यांतल्या सहा मुलग्यांना हा आजार, आणि त्यांच्या आईलाही त्या काळच्या डॉक्टरांचा हाच रोख सोसावा लागला. आमच्याकडे तो सिद्धांत नावाने कोणाला ठाऊक नव्हता, पण 'लाडाने बिघडवले' आणि 'फार धाकात ठेवले' ही दोन्ही वाक्ये मी एकाच आठवड्यात, एकाच जाऊबाईंच्या तोंडून ऐकली आहेत.

तेव्हा मेंदूच्या पोकळ्या मोजणाऱ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. हा आजार शरीराचाही आहे, हे लोकांना पटू लागले ते अशा चित्रांमुळे. परंतु आता तीच चित्रे निरोगी मुलीच्या लग्नाच्या आड आणली जात असतील, तर दोष एका आईवरून काढून सगळ्या घराण्यावर टाकल्यासारखे होते. शेवंती, तुझ्या आईने गोळ्यांविषयी जे ऐकले तेच मीही ऐकले होते. त्याविषयी डॉक्टरसाहेबांनी कृपया लिहावे.

निरंजन यांचा प्रतिसाद

काकू, आपण मांडलेला मुद्दा अगदी रास्त आहे. आता औषधांविषयी लिहितो.

आईंनी ऐकले ते निराधार नाही, पण अपुरे आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग येथे निरोगी माकडांना १७ ते २७ महिने हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन ही स्किझोफ्रेनियावरची औषधे दिली गेली, तेव्हा त्यांच्या मेंदूचे वजन औषध न दिलेल्या माकडांपेक्षा ८ ते ११ टक्के कमी भरले. माणसांत दीर्घकाळ केलेल्या एमआरआय अभ्यासांतही, औषधाचे प्रमाण जास्त तिथे घनफळातली घट थोडी जास्त, असा संबंध दिसला आहे. म्हणून 'औषधांचा मेंदूच्या घनफळाशी काहीही संबंध नाही' असे मी कोणाच्याही आईला सांगणार नाही.

मात्र नातेवाइकांच्या अभ्यासांचे खरे मोल याच ठिकाणी आहे. निरोगी बहीणभावांनी ही औषधे कधी घेतलेलीच नसतात, तरीही त्यांच्यात तोच फरक, फार सौम्य प्रमाणात, आढळतो. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या आणि अजून औषध सुरू न केलेल्या रुग्णांतही तो आढळतो. म्हणजे त्या फरकाचे मूळ औषधांत नाही. औषधे फार तर त्यात काही भर घालत असावीत. दुसरीकडे, औषध थांबवल्याचे परिणाम मोजता येतात आणि ते गंभीर आहेत. आजार उलटण्याचे प्रमाण वाढते, आणि फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या मोठ्या अभ्यासांत औषधे घेणाऱ्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळले आहे. तेव्हा विचारायचा प्रश्न 'गोळी द्यावी की नाही' हा नसून 'लक्षणे काबूत ठेवणारी कमीत कमी मात्रा कोणती' हा आहे, आणि तो तुमच्या दादांच्या डॉक्टरांना थेट विचारावा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. आईंनी स्वतःहून मात्रा कमी करणे किंवा एक दिवसाआड गोळी देणे मात्र कटाक्षाने टाळावे.

आता धोक्याचे आकडे. जुन्या युरोपीय अभ्यासांवरून काढलेला अंदाज असा आहे, की सर्वसामान्य व्यक्तीला आयुष्यात हा आजार होण्याची शक्यता साधारण १ टक्का, सख्ख्या भावंडाला सुमारे ९ टक्के आणि भाच्यांना व पुतण्यांना सुमारे ४ टक्के असते. तुमची होणारी मुले दादांची भाची किंवा भाचे असतील, म्हणून त्यांच्याविषयी शेवटचा आकडा पाहावा. आत्यांचेही निदान तेच धरले तर तो थोडा वाढेल, पण चित्र पालटणार नाही. तुमच्या स्वतःच्या बाबतीत ९ टक्क्यांचा आकडा जन्मापासूनचा आहे. आजार बहुतेकांना विशीच्या आगेमागे होतो, स्त्रियांत थोडा उशिरा. त्यातला जितका काळ निरोगी गेला, तितका उरलेला धोका कमी होत जातो.

'हा आजार ८० टक्के आनुवंशिक आहे' हे वाक्यही तुम्हाला ऐकवले जाईल. डेन्मार्कमधील जुळ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा ७९ टक्के निघाला हे खरे, परंतु त्याच अभ्यासात एकबीज जुळ्यांपैकी एक आजारी असेल तर दुसराही आजारी असण्याचे प्रमाण ३३ टक्केच होते. पहिला आकडा संपूर्ण समाजात माणसामाणसांतला फरक कशामुळे पडतो याविषयी बोलतो. एका माणसाचे काय होईल याविषयी तो काहीच सांगत नाही.

तर्कट यांचा प्रतिसाद

चर्चा उत्तम चालली आहे, पण एक शंका स्पष्टपणे मांडतो. फरक इतका लहान, एका माणसाला निरुपयोगी, आणि लोकांच्या हाती पडला की त्याचा असा गैरवापर. मग हजारो निरोगी नातेवाइकांना यंत्रात झोपवण्याचा खटाटोप कशासाठी? माझ्या मोठ्या बहिणीच्या आजारामुळे आम्ही सगळेच अशा एका अभ्यासात सहभागी झालो होतो. अर्धा तास त्या नळीत, ठोके ऐकत, मान न हलवता पडून राहिलो आणि शेवटी 'वैयक्तिक निष्कर्ष कळवले जाणार नाहीत' हे वाक्य असलेल्या कागदावर सही केलेली असल्याची आठवण करून दिली गेली.

निरंजन यांचा प्रतिसाद

ते वाक्य मला प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते, कारण देण्यासारखा वैयक्तिक निष्कर्ष संशोधकांकडे खरोखरच नसतो. उपयोग कशासाठी, याची दोन उदाहरणे देतो.

एडिंबरा येथे १९९४ पासून ईव्ह जॉनस्टन यांनीच, स्टीफन लॉरी आणि इतरांबरोबर, ज्यांच्या जवळच्या नात्यात किमान दोघांना हा आजार आहे अशा १६ ते २५ वयाच्या सुमारे १६० तरुणांचा दहा वर्षे पाठपुरावा केला. त्यांतले सुमारे २० जण आजारी पडले. म्हणजे इतका दाट कौटुंबिक इतिहास असूनही बहुसंख्य तरुण आजारी पडले नाहीत. शिवाय कोण आजारी पडेल याची चाहूल पहिल्या एमआरआयपेक्षा त्यांच्या वागण्याबोलण्यातून अधिक लागली: माणसांत मिसळण्याची भीती, अलिप्तपणा, विचित्र वाटणारे संशय. एमआरआयमध्ये अर्थ होता तो एका चित्रात नव्हे, तर काही वर्षांच्या अंतराने काढलेल्या दोन चित्रांमधल्या बदलात. अशा तरुणांवर लक्ष कधी आणि कसे ठेवावे, हे या अभ्यासातून शिकायला मिळाले.

दुसरे उदाहरण कारणांच्या शोधाचे आहे. २०१६ मध्ये हार्वर्ड आणि ब्रॉड संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की सी-४ या जनुकाची काही रूपे स्किझोफ्रेनियाचा धोका वाढवतात, आणि हेच जनुक वाढत्या वयात चेतापेशींमधले नको असलेले सांधे छाटण्याच्या कामात भाग घेते. किशोरवयात बाहेरचा थर प्रत्येकाचाच पातळ होतो. काहींमध्ये ही छाटणी गरजेपेक्षा अधिक होत असावी, हा अंदाज पूर्वीपासून होता, त्याला इथे रेणूंच्या पातळीवर आधार मिळाला. अर्थात सी-४ हे एकच जनुक नव्हे. २०२२ पर्यंत जनुकसंचातली या आजाराशी संबंधित २८७ ठिकाणे सापडली, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा वाटा अत्यंत लहान आहे. ही ठिकाणे मेंदूत नेमके काय करतात, हे एकाच कुटुंबातल्या आजारी आणि निरोगी माणसांची तुलना केल्याशिवाय कळणार नाही. आपल्याकडेही बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत, एकाहून अधिक व्यक्तींना गंभीर मनोविकार असलेली कुटुंबे निवडून त्यांच्या पेशी, जनुके आणि मेंदूची चित्रे यांचा एकत्रित अभ्यास करणारा प्रकल्प चालतो. बहुतेक मोठे अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले असल्यामुळे मला तो विशेष गरजेचा वाटतो.

शेवंती यांचा प्रतिसाद

सर्वांची मनापासून आभारी आहे. एमआरआय करायचा नाही, हे ठरले. आईला औषधांविषयीचा भाग वाचून दाखवला. येत्या भेटीत मात्रेविषयी विचारायचे, असे तिने स्वतःच सांगितले. आता एकच विचारते. मुलाकडच्यांना तपासणीऐवजी काहीतरी ठोस द्यावे असे वाटते. मी आणि माझे होणारे यजमान दोघांनी मिळून एखाद्या मनोविकारतज्ज्ञांना किंवा जनुकीय समुपदेशकांना भेटायचे म्हटले, तर सोबत काय न्यावे?

निरंजन यांचा प्रतिसाद

दोघांनी मिळून जाणे केव्हाही चांगले. सोबत तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढून न्यावी, आणि त्यांच्याकडचीही न्यावी, कारण धोका एकाच बाजूचा मोजून चालत नाही. प्रत्येक नावापुढे जन्माचे साल, आजार असल्यास तो कोणत्या वयात सुरू झाला, रुग्णालयात ठेवावे लागले का, औषधांचा गुण आला का, हे लिहावे. आजी-आजोबांच्या पिढीतले लग्न नात्यातले, मामाच्या किंवा आत्याच्या घरातले असेल, तर तेही नोंदवावे. दादांचे पहिल्या निदानाच्या वेळचे कागद आणि सध्याच्या औषधांची चिठ्ठी जोडावी.

आत्यांच्या नावापुढे 'स्किझोफ्रेनिया' असे लिहू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्या प्रत्यक्षात काय बोलत, काय करत, झोप कशी होती, मधले काही महिने किंवा वर्षे पूर्ण बरे वाटत असे का, एवढेच जसेच्या तसे लिहा. मध्ये पूर्ण बरे होऊन पुन्हा आजार उलटत असेल, तर तो द्विध्रुवी विकारही असू शकतो, आणि तसे असेल तर वरचे आकडे वेगळ्या रीतीने मांडावे लागतील.